दीक्षा म्हणजे काय, आणि आत कोण घेतं?

(मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळींच्या सभेत एका निवृत्त डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आज 'दीक्षा' या शब्दावर बोलायला सांगितलं आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहे. मध्यंतरी इथे मुंजी झाल्या तेव्हा इंग्रजी निमंत्रणात त्या विधीला 'इनिशिएशन' असं छापलं होतं, आणि त्यावरून जेवणाच्या पंगतीत बराच वाद रंगला. एक आजोबा म्हणाले, इनिशिएशन म्हणजे दीक्षा, मुंज नव्हे. दुसरे म्हणाले, दोन्ही एकच. तिसऱ्या बाई म्हणाल्या, जिलबी घ्या. मी जिलबी घेतली, पण शब्द डोक्यात राहिला.

मी संस्कृतचा पंडित नाही. आयुष्यभर फिजिशियन म्हणून काम केलं, आणि निवृत्तीनंतर वेळ मिळाला तशी जुनी पुस्तकं चाळायला लागलो. त्यामुळे मी सांगेन त्यात दवाखान्याचा वास येणार. शेवटी तर मी सरळ दवाखान्यातच शिरणार आहे, कारण तिथे 'आत घेणे' या गोष्टीवरून आपल्यातल्या ज्येष्ठांचं बरंच नुकसान होतं. पण आधी शब्द.

इंग्रजीतल्या 'इनिशिएशन'चं मूळ लॅटिन आहे. 'इन' म्हणजे आत, 'इरे' म्हणजे जाणे. त्यावरून 'इनिशियम', म्हणजे आरंभ. जिथून आपण आत जातो ती जागा म्हणजे सुरुवात, अशी ती कल्पना. याच शब्दाचं अनेकवचन रोमन लोक गुप्त धार्मिक विधींसाठी वापरत. ग्रीसमध्ये एल्युसिस नावाच्या गावी धान्याच्या देवीचे विधी होत, आणि ज्यांना त्यात प्रवेश मिळाला असेल त्यांनी आत काय पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही असा दंडक होता. म्हणजे त्या शब्दात आरंभ आणि प्रवेश हे दोन्ही अर्थ पहिल्यापासून एकत्र नांदत आहेत. इथे एक गंमत सांगतो. आपण राहतो त्या गावाचं नाव ट्रॉय. न तपासता दारातून आत घेतल्याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट त्याच नावाच्या नगराची आहे. लाकडी घोडा आत घेतला, पण पोटात काय आहे ते कुणी पाहिलं नाही. डॉक्टर म्हणून मी एवढंच म्हणेन की पोट तपासायला हवं होतं.

आता आपला शब्द. 'दीक्षा' हा शब्द 'दीक्ष्' या धातूपासून येतो, पण तो धातू मुळात कुठून आला यावर विद्वानांचं एकमत नाही. एक मत असं, की 'दक्ष्' म्हणजे समर्थ असणे, या धातूचं ते इच्छा दाखवणारं रूप आहे. म्हणजे दीक्षा ही समर्थ होण्याची इच्छा, पात्र होण्याची इच्छा. दुसरं मत असं, की 'दह्' म्हणजे जळणे, यापासून ते आलं, आणि त्यात तपाचा ताप आहे. पुढे तंत्रग्रंथांनी तिसरीच फोड केली: 'दी' म्हणजे देणे आणि 'क्षा' म्हणजे क्षय, ज्ञान देते आणि पाप घालवते ती दीक्षा. ही फोड ऐकायला सुंदर आहे, पण ती व्याकरणाची नव्हे, श्रद्धेची आहे. मला स्वतःला पहिलं मत पटतं, आणि त्यात माझा थोडा स्वार्थ आहे. 'दक्ष' हा शब्द आपल्या मराठीत अजून जिवंत आहे. 'दक्ष राहा' म्हणतो. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात आयसीयूच्या दारावर काय लिहिलेलं असतं? अतिदक्षता विभाग. ज्या दाराबाहेर मी आणि माझ्यासारख्यांनी आयुष्य काढलं, त्या दारावरच दीक्षेचं हे एक नातलग बसलेलं आहे.

पण शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा त्या विधीत प्रत्यक्ष काय करत ते जास्त बोलकं आहे. वेदकाळात दीक्षा म्हणजे संन्यास नव्हता, गुरूचा कानमंत्रही नव्हता. सोमयाग करणाऱ्या यजमानाला यागापूर्वी दीक्षा द्यायची आणि याग संपला की अवभृथ स्नान करून ती संपवायची. पुन्हा याग केला तर पुन्हा दीक्षा. अशी दीक्षा घेतलेला तो दीक्षित. आपल्याकडचं दीक्षित हे आडनाव तिथलंच.

या विधीचं वर्णन ऐतरेय ब्राह्मणात अगदी सुरुवातीलाच आहे. हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह पहिल्यांदा छापला तो मार्टिन हौग या जर्मन पंडिताने, १८६३ साली मुंबईत. तेव्हा ते पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होते. तिसराच खंड उघडला आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. कारण मला तिथे चक्क प्रसूतिगृह दिसलं.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. ज्याला ऋत्विज दीक्षा देतात, त्याला ते पुन्हा एकदा गर्भ करतात. मग एकेक पायरी येते. त्याच्यावर पाणी शिंपडतात, कारण पाणी हे बीज. त्याच्या अंगाला लोणी लावतात, कारण देवांसाठी, माणसांसाठी आणि पितरांसाठी तुपाचे वेगवेगळे प्रकार आहेत, पण लोणी हे गर्भाचं. डोळ्यांत अंजन घालतात. दर्भाने त्याला शुद्ध करतात. मग त्याच्यासाठी बांधलेल्या एका मांडवात त्याला नेतात. तो मांडव म्हणजे त्याची योनी, त्याचा गर्भाशय. तो तिथेच बसतो, तिथेच वावरतो, कारण गर्भ आपली जागा सोडत नाही. त्याच्या अंगावर वस्त्र घालतात. ते वस्त्र म्हणजे उल्ब. त्याच्यावर काळवीटाचं कातडं. ते म्हणजे जरायु. आणि तो दोन्ही हातांच्या मुठी वळतो, कारण गर्भ पोटात मुठी वळून असतो आणि मूल मुठी वळूनच जन्माला येतं.

उल्ब म्हणजे गर्भाभोवतीचा आतला पातळ पडदा, आपल्या आज्या जिला पाणमोट म्हणत तिचा. जरायु म्हणजे त्याच्या बाहेरचं आवरण, वारेशी जोडलेलं. आतला पडदा आत आणि बाहेरचा बाहेर, हा क्रम त्यांनी अचूक लावला आहे. मुठींचंही तसंच. बाळाच्या तळहातात बोट ठेवलं की ते घट्ट धरतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया पोटातच सुरू होते आणि जन्मानंतर पाच-सहा महिन्यांत मावळते. बालरोगतज्ज्ञ ती तपासतात. आणि लोण्याबद्दल माझं एक अनुमान आहे, ते अनुमान म्हणूनच घ्या. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगावर पांढरा स्निग्ध थर असतो, पाहताना थेट लोण्यासारखा. ज्यांनी हा विधी रचला त्यांनी तो पाहिला असणार असं मला वाटतं. निदान त्यांच्या घरातल्या सुइणींनी तरी नक्कीच पाहिला असेल.

शेवटी अवभृथ स्नानाला जाताना काळवीटाचं कातडं उतरवून ठेवतात, कारण मूल जरायुतून सुटून बाहेर येतं. वस्त्र मात्र अंगावर ठेवूनच जातात.

आता यात माझं लक्ष कशाकडे गेलं ते सांगतो. या सगळ्या विधीत यजमान स्वतः जवळजवळ काही करत नाही. त्याने फक्त मुठी वळायच्या आणि खरं बोलायचं. हो, दीक्षिताने खरंच बोललं पाहिजे हा नियम त्याच ग्रंथात थोडा पुढे आहे. पण पाणी शिंपडणं, लोणी लावणं, मांडव बांधणं, आत नेणं, पांघरूण घालणं, हे सगळं जे आधीच आत आहेत त्यांनी करायचं. गर्भाला आपलं आपण येता येत नाही. त्याला कुणीतरी पोटात वागवावं लागतं.

हाच विचार मुंजीतही आहे, आणि तिथे तो आणखी उघड आहे. 'मुंज' हा आपला मराठी शब्द कमरेला बांधायच्या मुंज गवताच्या मेखलेवरून आला. संस्कृत नाव 'उपनयन'. 'उप' म्हणजे जवळ, 'नयन' म्हणजे नेणे. जवळ नेणे. कोण नेतं? मुलगा जात नाही, आचार्य त्याला नेतात. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात ब्रह्मचाऱ्यावर एक सूक्त आहे. त्यात असं वर्णन आहे की उपनयन करणारा आचार्य त्या मुलाला आपल्या आत गर्भ करतो आणि तीन रात्री पोटात वागवतो. मग तो जन्मतो तेव्हा त्याला पाहायला देव येतात. पुरुष आचार्याच्या पोटात तीन रात्री! आमच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तीनच? फार सोपं सुटले."

तेव्हा त्या पंगतीतल्या वादाचा माझ्यापुरता निकाल असा: इनिशिएशन हा शब्द मुंजीला चालेल, दीक्षेलाही चालेल, पण फरक लक्षात ठेवावा. लॅटिन शब्दात जाणारा आत जातो. आपल्या शब्दांत आतले त्याला आत आणतात.

अर्थात या शब्दांचं सगळंच कौतुक करून चालणार नाही. आपण मंदिरात बसलो आहोत, म्हणून हे इथेच बोललं पाहिजे. आत आणण्याचं काम आतल्यांच्या हाती दिलं की न आणण्याचंही त्यांच्याच हाती जातं. वैदिक दीक्षा कुणाला मिळायची आणि कुणाला नाही हे जन्मावरून ठरे. उपनयनाचंही तेच. स्त्रियांना तर शतकानुशतकं ते नव्हतंच. आज पुण्याची ज्ञानप्रबोधिनी मुलींच्याही मुंजी लावते, आणि इथे आपल्याकडेही लागल्या, याचा मला आनंद आहे.

दाराबाहेर ठेवण्याची सगळ्यात मोठी गोष्ट महाराष्ट्रात घडली ती नाशिकला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्यात होती. तो पुढे काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भदंत चंद्रमणींकडून त्यांनी स्वतः त्रिशरण आणि पंचशील घेतलं, आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसह. त्या जागेला आपण दीक्षाभूमी म्हणतो. या शब्दाच्या इतिहासात मला ही फार मोठी घटना वाटते. ज्यांना या ना त्या दारावर अडवलं होतं, त्यांनी परवानगी मागणं थांबवलं आणि एकमेकांना आत घेतलं. दीक्षा देणारा भिक्खू असावा, पुरोहित असावा, ही कल्पनाही त्या दिवशी बाजूला पडली. देणारा त्यांच्यातलाच एक होता.

वारकऱ्यांची रीत तर त्याहून साधी. तुळशीची माळ गळ्यात घातली, वारीचा आणि एकादशीचा नेम धरला, मांस-मद्य सोडलं, की झाला माळकरी. मांडव नाही, कातडं नाही. ज्याने आधी माळ घातली आहे तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, एवढंच.

जैनांकडे आणि बौद्ध भिक्खूंकडे मात्र उलटी दिशा दिसते. तिथे संघात जाण्याच्या पहिल्या पायरीला 'प्रव्रज्या' म्हणतात, म्हणजे निघून जाणे, घराबाहेर पडणे. आत येण्यासाठी आधी कुठून तरी बाहेर पडावं लागतं. आपण सगळे जण कधीतरी मुंबई नाहीतर दिल्लीच्या विमानतळावर ती पायरी चढलो आहोत. तेव्हा हे जास्त समजावायला नको.

आता दवाखान्याकडे येतो.

मराठीत आपण म्हणतो, 'आजोबांना दवाखान्यात दाखल केलं'. 'दाखल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. 'दाखिल' म्हणजे आत शिरलेला. त्याचंच भावंड 'दाखला'. आपल्या भाषेची करामत पाहा, शाळेतून बाहेर पडताना जो कागद मिळतो त्याला आपण शाळा सोडल्याचा 'दाखला' म्हणतो. आत शिरण्याचा शब्द बाहेर पडण्याच्या कागदावर! पण दाखल या शब्दाचा मराठीत आणखी एक वापर आहे, 'दाखल करून घेणे'. 'करून घेणे' यात घेणाऱ्याची इच्छा लागते. पेशंट दारात आला म्हणून दाखल होत नाही. कुणीतरी त्याला दाखल करून घ्यावं लागतं.

अमेरिकेत ही गोष्ट शब्दशः खरी आहे, आणि हे तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. समजा एक आजी, वय ७८, मेडिकेअर आहे. घरात पडल्या, कमरेला मार लागला, चक्करही आली. इमर्जन्सीत नेलं. तिथून वर खोलीत नेलं. पलंग मिळाला, हातात पट्टी बांधली, सलाइन लावलं, डॉक्टर येऊन गेले, नर्स रात्रभर येत राहिल्या. आजी तीन रात्री तिथे होत्या. मुलगा सगळ्यांना फोनवर सांगतो, आईला ॲडमिट केलंय. पण कागदावर आजी ॲडमिट नाहीतच. कागदावर त्या 'ऑब्झर्व्हेशन'मध्ये आहेत, म्हणजे देखरेखीखाली ठेवलेल्या बाहेरच्या पेशंट. त्याच पलंगावर, त्याच मजल्यावर, पण हिशेबाच्या दृष्टीने दाराबाहेर.

याने काय बिघडतं? दोन-तीन गोष्टी बिघडतात. दाखल पेशंटचा खर्च मेडिकेअरच्या पार्ट ए मधून जातो, ऑब्झर्व्हेशनचा पार्ट बी मधून, आणि त्यात वाटा वेगळा द्यावा लागतो. घरी रोज घेतो त्या गोळ्या दवाखान्याने दिल्या तर त्यांचं बिल बऱ्याचदा वेगळं येतं. पण खरा फटका त्यानंतर बसतो. आजींना घरी एकदम जाता येत नाही, काही आठवडे चालण्याचा व्यायाम आणि नर्सिंग लागतं, म्हणून त्यांना स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत पाठवतात. मूळ मेडिकेअर तिथला खर्च उचलतं, १०० दिवसांपर्यंत. पहिले २० दिवस पेशंटला काही द्यावं लागत नाही, त्यानंतर रोजचा ठरावीक वाटा. पण अट अशी, की त्याआधी दवाखान्यात सलग तीन दिवस इनपेशंट म्हणून दाखल असायला हवं. सुटीचा दिवस त्यात धरत नाहीत. इमर्जन्सीतला वेळ धरत नाहीत. ऑब्झर्व्हेशनचे दिवस तर मुळीच धरत नाहीत. आजींनी तीन रात्री काढल्या, पण त्या रात्री मोजल्याच गेल्या नाहीत. मग नर्सिंगचा सगळा खर्च घरच्यांच्या खिशातून.

ही तीन दिवसांची अट मेडिकेअरच्या १९६५ च्या मूळ कायद्यापासून आहे. अथर्ववेदातल्या तीन रात्री आणि या तीन रात्री यांचा काही संबंध नाही हे मला कळतं. पण आचार्याच्या पोटातल्या तीन रात्री मोजल्या जात होत्या, एवढं मात्र मनात येतं.

डॉक्टरांना हे का करावं लागतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही पुढच्या वेळी माझ्या तरुण सहकाऱ्यांवर चिडाल. २०१३ च्या ऑक्टोबरपासून एक नियम आहे. पेशंटला दोन मध्यरात्री ओलांडतील इतका वेळ दवाखान्यातल्या उपचारांची गरज आहे असं डॉक्टरला वाटलं, आणि ते नोंदींवरून दिसलं, तर त्याला इनपेशंट करावं. तसं वाटलं नाही तर सहसा ऑब्झर्व्हेशन. हा निर्णय पहिल्या काही तासांत, अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. बऱ्याचदा तो प्रामाणिकपणे घेतलेला असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परिस्थिती बदलली तर तो बदलता येतो. त्यासाठी कुणीतरी विचारावं लागतं.

म्हणून आता लिहून घ्या. ज्यांच्याकडे चष्मा नाही त्यांनी शेजाऱ्याला लिहायला सांगा.

दवाखान्यात खोली मिळाली की पहिल्याच दिवशी विचारायचं: "इनपेशंट की ऑब्झर्व्हेशन?" इंग्रजीत एवढे दोनच शब्द पुरतात. रोज विचारायचं, कारण ते रोज बदलू शकतं. २४ तासांहून जास्त वेळ ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवलं तर दवाखान्याने ३६ तासांच्या आत एक छापील सूचना द्यायची आणि तोंडीही समजावून सांगायची, असा कायदा आहे. त्या कागदावर सही मागतात. सही म्हणजे संमती नव्हे, कागद मिळाल्याची पोच. सही करा, पण प्रत घरी न्या. मग डॉक्टरांना नम्रपणे सांगा, की घरी एकटं राहता येणार नाही, नर्सिंग लागेल असं वाटतं, तर इनपेशंट करण्याचा विचार करता येईल का. हे दवाखाना सोडण्याआधी करायचं. घरी गेल्यावर फार उशीर होतो. आधी इनपेशंट म्हणून दाखल करून दवाखान्याने नंतर ऑब्झर्व्हेशन केलं, तर २०२५ पासून काही ठरावीक परिस्थितीत अपील करता येतं. अशा वेळी मेडिकेअरच्या नंबरावर, १-८००-६३३-४२२७, लगेच फोन करा. तुमची मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना असेल तर तीन दिवसांची अट कदाचित नसेलही, पण आधी मंजुरी लागू शकते. कार्डाच्या मागचा नंबर फिरवून आजच विचारा. आजारपणात नको.

आणि ज्यांच्याकडे मेडिकेअरच नाही, त्यांचं काय? आपल्या मंदिरात दर उन्हाळ्यात असे चेहरे दिसतात. मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेले आई-वडील, ज्यांनी इथे कधी नोकरी केलेली नाही. त्यांना ६५ पूर्ण झाले तरी आधी इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं, तेव्हा कुठे मेडिकेअर विकत घेता येतं. तोवर बाजारातला विमा बघावा लागतो, आणि नावनोंदणीच्या तारखा चुकवून चालत नाही. भेटीला आलेल्यांचा प्रवासी विमा तर जुन्या आजारांना बऱ्याचदा हात लावत नाही. मधुमेह आहे, स्टेंट घातलेला आहे, म्हणजे तो जुना आजार. विमा काढताना पॉलिसीतला तेवढा एक परिच्छेद तरी मुलाकडून वाचून घ्या.

भाषेचीही एक गोष्ट. सरकारी पैसे घेणाऱ्या दवाखान्यांना पेशंटच्या भाषेतला दुभाषा फुकट द्यावा लागतो. मराठीचा दुभाषा फोनवर मिळतो. आठवीतल्या नातवाला आजीच्या लघवीचे प्रश्न विचारायला लावू नका. दोघांनाही ते अवघड जातं आणि उत्तरं अर्धवट येतात.

आता मागणी. सेवा समितीला या कामासाठी पैशांपेक्षा माणसं हवी आहेत. ट्रॉय, स्टर्लिंग हाइट्स, रॉचेस्टर हिल्स, या भागात राहणारी, गाडी चालवणारी, इंग्रजी नीट बोलणारी, आणि एखाद्या रात्री इमर्जन्सीत दुसऱ्याच्या आईजवळ बसू शकतील अशी. डॉक्टर असण्याची गरज नाही. खरं म्हणजे डॉक्टर नसलेले बरे, कारण आम्ही निदान करत बसतो. त्यांनी तिथे बसायचं, रोज तो एक प्रश्न विचारायचा, दुभाष्याची मागणी करायची, कागदांची प्रत घ्यायची आणि घरच्यांना फोन करायचा. मुलं बाहेरगावी नोकरीला असलेली, एकटी राहणारी ज्येष्ठ मंडळी आपल्यात बरीच आहेत. त्यांनीही आपलं नाव, औषधांची यादी, विम्याच्या कार्डाची प्रत आणि कुणाला कळवायचं तो नंबर कार्यालयात देऊन ठेवावा. ही माहिती बंद पाकिटात राहील आणि गरज पडल्याशिवाय उघडली जाणार नाही.

नव्याने आलेल्या कुटुंबांनी यात मागे राहू नये. तुम्ही इथे किती वर्षं आहात, महाराष्ट्राच्या कुठल्या भागातले, घरी कुठला देव, हे कुणी विचारणार नाही. मराठी कळणं पुरे, आणि खरं सांगायचं तर हिंदीवरही काम भागेल.

दोन याद्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. निळ्या कागदावर सोबत करणाऱ्यांची नावं, पिवळ्यावर सोबत हवी असणाऱ्यांची. काही जणांना दोन्ही कागदांवर नाव लिहावंसं वाटेल, तर खुशाल लिहा. आता प्रश्न विचारा. रक्तदाबाचे सोडून, ते चहाच्या वेळी.